काळ्या गाडीचं दार

जुन्या गाड्यांच्या त्या आवारात त्याला सगळे ‘सावल्या’ म्हणायचे. सकाळी आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: गाडी सावलीत घ्या. भर उन्हात गाडीचा फोटो काढणारा माणूस त्याच्या लेखी आंधळाच. पासपोर्ट फोटोंचं त्याचं दुकान मोबाइलनं बसवलं, तेव्हापासून तो इथे विकाऊ गाड्यांचे फोटो काढत होता. कॅमेरा स्वस्तातला, तोही सेकंडहँड, फ्लॅश मेलेला. त्यावर कुणी हसलं की हा तडकायचा. फोटो कॅमेऱ्यानं नाही, गुडघ्यांनी निघतो म्हणायचा, आणि खरंच हेडलाइटच्या उंचीला गुडघे टेकून बसायचा. जवळून काढला तर गाडीचं नाक फुगलेलं दिसतं, म्हणून दहा पावलं मागे जाऊन झूम करायचा. हात हलू नये म्हणून स्टुलावर वाळूची पिशवी, पिशवीवर कॅमेरा, आणि बटण दाबायचं तेही दोन सेकंदांच्या टायमरवर. भारी कॅमेरे गळ्यात घालून मिरवणाऱ्यांना असे फोटो जमत नव्हते, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागे.

त्याचं स्वतःचं खरं वैर होतं ते प्रतिबिंबाशी. चकचकीत गाडी म्हणजे आरसाच की हो! समोरची बादली, झाडू, माणूस, सगळं दारात उमटतं. म्हणून तो कायम काळा शर्ट घालायचा, आणि गाडीसमोर कुणी फिरकलं की खेकसायचा, बाजूला व्हा, दारात दिसताय. दिवसातून वीस वेळा तरी. मालकालासुद्धा सोडायचा नाही, आणि मालकही मुकाट बाजूला व्हायचा, कारण फोटो चांगला आला की गाडी लवकर खपायची.

एरवी हा मालक म्हणजे राक्षस. बोलण्याआधी हात चालायचा. हातात पाना असला तर पान्यानं, नसला तर बुक्क्यांनी. गाड्या धुणाऱ्याचं नाक त्यानं फोडलं होतं, एका ड्रायव्हरच्या कानाचा पडदा फाडला होता. बळी तो कान पिळी, दुसरं काय! कुणी ब्र काढत नसे. मारहाण सुरू झाली की सावल्या मान खाली घालून लेन्स पुसत बसायचा. आपण भले नि आपलं काम भलं. तो स्वतःला व्यवहारी समजायचा, बायको त्याला भेकड म्हणायची, आणि खरं सांगायचं तर बायकोचंच बरोबर होतं.

आवारातला डेंटर हा तिचा पाठचा भाऊ. सावल्यानंच त्याला तिथे चिकटवला होता. पत्र्यावरचे पोचे असे काढायचा की हात फिरवूनही कळू नये. पण पोरगा सरळ स्वभावाचा, पोटात काही ठेवता येत नसे. एका गिऱ्हाइकाला त्यानं सांगून टाकलं की ती काळी गाडी उलटून पडलेली आहे, आतला सांगाडा वाकडा आहे, पोराबाळांना घेऊन बसू नका तिच्यात. गिऱ्हाईक गाडी न घेता गेलं. जाताना मालकाला चार शब्द सुनवून गेलं, आणि कुणाकडून कळलं तेही बोलून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावल्या त्याच काळ्या गाडीचे फोटो काढत होता. गाडी भिंतीच्या सावलीत, हा दहा पावलांवर गुडघ्यावर. त्याच्या पाठीमागे एक पांढरी गाडी उभी होती. तिथे मालकानं डेंटरची मानगूट धरली, त्याचा उजवा हात दाराच्या फटीत कोंबला आणि दार आपटलं.

किंकाळी सावल्याच्या कानावर आदळली. वळून पाहायची मात्र हिंमत झाली नाही. डोळे स्क्रीनवर खिळलेले. त्या स्क्रीनवर, काळ्या दाराच्या मधोमध, सगळं दिसत होतं: पांढरं दार उघडलं, मालकाचा दंड मागे गेला, दार पुन्हा मिटलं. टायमर संपला, फोटो निघाला. काळ्याभोर दारात पांढरा डाग. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तो ओरडला, "बाजूला व्हा, दारात दिसताय."

मालक थांबला. त्याच सवयीनं त्यानं हात सोडला आणि बाजूला झाला. डेंटर खाली कोसळला. आणि सावल्यानं, देवा, काय म्हणावं या माणसाला, पुन्हा बटण दाबलं. फोटो स्वच्छ आला.

मग तो वळला. डेंटरची बोटं बोटांसारखी राहिलेली नव्हती. मालक सावकाश चालत आला, कॅमेऱ्यातला आधीचा, पांढऱ्या डागाचा फोटो सावल्याच्याच हातानं पुसून घेतला, आणि लक्षात राहावं म्हणून त्याच्या पोटात तीन लाथा घातल्या.

इस्पितळात डेंटरची तीन बोटं काढून टाकली. शुद्धीवर आल्यावर तो बहिणीला म्हणाला, "ताई, दाजी ओरडले म्हणून तो थांबला. नाहीतर अख्खा पंजा गेला असता." वेदनेनं त्याचे कान बधिर झालेले, शब्द त्याला कळलेच नव्हते. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, ते लग्नानंतर प्रथमच असं अभिमानानं. शेजारच्या खाटेवरच्यांनाही तिनं सांगितलं की माझ्या नवऱ्यानं त्या राक्षसाला थांबवलं. सावल्या हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

तिनंच त्याला पोलीस ठाण्यात नेलं. मालक आधीच तिथे चहा पीत बसलेला. वाऱ्यानं दार आपटलं, असं त्यानं लिहून दिलं होतं, आणि आवारातल्या पाच जणांच्या सह्याही आणल्या होत्या. बायको सावल्याचा दंड धरून बसली. मग तो बोलायला लागला. कोणती गाडी, कोणतं दार, कोणता हात, किती वेळा, सगळं नेमकं. वारा नव्हताच, म्हणाला, स्टुलावरचं फडकंसुद्धा हललं नव्हतं. हवालदारानं विचारलं, फोटो आहे का? होता, सावल्या म्हणाला, त्यानं पुसायला लावला.

मालकाची तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल ओलांडून त्यानं सावल्याच्या तोंडावर बुक्की मारली, खाली पाडून बरगड्यांत बूट घातले. दोन शिपायांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. तिथूनही तो हसला. "विचारा त्याला काय ओरडला ते. बाजूला व्हा, दारात दिसताय, म्हणाला. पाचही जणांनी ऐकलंय. मेहुण्याचा हात चिरडत असता तर कुणी असं बोललं असतं का?"

हवालदाराचं पेन थांबलं. बायकोनं नवऱ्याला उठवून बाकावर बसवलं आणि दंड पुन्हा घट्ट धरला.

"तू त्याला सोडवायला ओरडलास ना?" हवालदारानं विचारलं.

"त्यासाठीच," बायको म्हणाली.

"मी त्याला विचारतोय."

हो म्हटलं तर पाच जण खोटं पाडतील, आणि सगळीच जबानी पाण्यात जाईल, हे सावल्याला कळत होतं. त्यानं रक्त आणि दाताचा तुकडा हातरुमालात थुंकला.

"नाही," तो म्हणाला. "फोटो खराब होत होता म्हणून ओरडलो. हात चिरडताना पाहिला, आणि तरी हेच बोललो. लिहा."

हवालदारानं लिहून घेतलं. सही करायला सावल्या वाकला, तेव्हा बायकोनं त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.