संयोगिताबाईंची टोळी

आमच्या शाळेतल्या संयोगिताबाईंनी भर जूनमध्ये राजीनामा दिला आणि द्राक्षबागा छाटणार म्हणाल्या, तेव्हा सगळ्या तासगावाने त्यांना वेड्यात काढलं. मी शेजारच्या वर्गावर होते, अजून आहे. अकरा वर्षं आम्ही दोघी ‘यंदा अनुदान येणार’ हे ऐकत होतो. त्यांनी ऐकायचं सोडलं.

पगार नसलेल्या शाळेची मास्तरीण सहामाहीच्या सुट्टीत काय करते? तोंडाला स्कार्फ गुंडाळून बागेत पेस्ट लावते. पुरुषांची टोळी छाटत पुढे जाते. मागून बायका काडीवरच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावतात, म्हणजे तो फुटतो. अकरा हंगाम बाईंनी हेच डोळे न्याहाळले. कुठल्या डोळ्यातून घड निघणार, कुठला वांझ, टोळीवाला कुठे चुकला, सगळं पाठ. विचारतंय कोण!

ऑक्टोबरात चार बायका घेऊन त्या नाथाजीअण्णांच्या बागेत गेल्या.

“पेस्टला या की बाई,” अण्णा म्हणाले. “कात्री बाप्यांच्या हातात ऱ्हाऊ द्या. चुकीचं कापलं तर माझं वरीस जातंय.”

“चार ओळी द्या, अण्णा. घड कमी निघालं तर पुन्यांदा कात्री धरनार न्हाई.”

अण्णांनी दिलेल्या चार ओळी छाटून तीन आठवडे झाल्यावर आम्ही सगळे बघायला गेलो. पुरुषांच्या टोळीच्या ओळींत मधेमधे नुसता पाला, बाईंच्या ओळींत काडीकाडीला घड. अण्णा दोनदा फिरून आले.

“फुडल्या साली समदी बाग तुमाला. पर टोळी आमच्या पोराच्या, जयराजच्या नावानं सांगू. बाईची टोळी म्हटल्यावर लोक हसत्यात.”

बाईंनी कात्री पिशवीत टाकली. “आवं अण्णा, मग छाटायलाबी जयराजलाच बोलवा.”

हाती आलेलं काम सोडून निघाल्या! मला त्यांचा अस्सा राग आला. आज कळतं, तो हेवा होता.

यंदा त्यांच्याच ओट्यावर मी सहामाहीचे पेपर तपासत होते आणि अण्णांचा फोन आला. बाईंनी एवढंच विचारलं, “टोळी कुनाची म्हनून सांगनार?” पलीकडून मलाही ऐकू आलं, “संयोगिताबाईंची.”

मी लाल पेन खाली ठेवलं. “बाई, टोळीत एक जागा आहे का?”

“हाय की,” त्या म्हणाल्या. “कात्री मात्र आपली आपन आनायची.”