पी.टी. सरांचं नाक

आमच्या शाळेच्या पी.टी. सरांसारखं नाक अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नव्हतं. परतवाड्याच्या बसस्टँडवर कोणी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला घेतला, की इकडे शाळेच्या फाटकात सरांना शिंक येते, असं पोरं शपथेवर सांगायची. रोज प्रार्थनेआधी ते तिथे तळहात पसरून उभे. छडी नाही, शिवी नाही. येणाऱ्याला नुसतं हुंगायचे आणि म्हणायचे, "दे." पोरगं मुकाट्याने खिशातली, प्लास्टिकच्या पन्नीतली खर्र्याची पुडी त्या हातावर ठेवायचं. मग मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीत, उंच उडीच्या फाटक्या गादीवर या मंडळींची बैठक. सर फुटाणे वाटायचे. "तोंड रिकामं रायलं का हात पन्नीकडं जाते," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. एवढ्यानेही भागलं नाही, तर आईबापाला सोबत घेऊन सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे स्वतः न्यायचे. खोलीचा नियम एकच, आज किती खाल्ले ते खरं सांगायचं आणि कोणी हसायचं नाही. हसला त्याला मैदानाच्या तीन चकरा. तपासणीला आलेले साहेब एकदा हसले, तर त्यांनाही एक मारायला लावली. पद पाहून दोन माफ केल्या म्हणे.

एकदा दहावीतला एक मुलगा वर्गात खर्रा खाताना सापडला. शिक्षकांच्या सभेत "दाखला द्या त्याच्या हातात!" असं सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? मी, गणिताचा मास्तर. पी.टी. सर म्हणाले, "दाखला देसान, मंग तो जाईन कुठं? पानठेल्यावरच न!" भांडून त्यांनी परीक्षेपर्यंतची मुदत मिळवली. सभा संपली आणि दारातच तो तळहात माझ्यापुढे आला. सरांनी हुंगलं. अकरा वर्षं बायकोपासूनही लपवलेली पुडी माझ्या खिशात होती. काढून दिली. "उद्या मधल्या सुट्टीत या," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी गादीवर तोच मुलगा. मला बघून म्हणाला, "सर, तुमी बी?"

"हो रे. काल चार खाल्ले."

कोणी हसलं नाही. तो बाजूला सरकला. "बसा न, सर." इतकी लाज आणि इतकं हलकं एकाच वेळी मला कधी वाटलं नव्हतं. सुटायला दोघांनाही वर्ष लागलं. मध्ये तो एकदा घसरला, मी दोनदा. पण दहावी तो आमच्याच शाळेतून पास झाला.

निवृत्तीनंतर सर शेंदूरजनाघाटला आपल्या संत्र्याच्या बागेत राहायला गेले. परवा भेटायला गेलो, तर झाडं फुलांनी लगडलेली. "काय घमघमाट सुटलाय, सर!" मी म्हणालो.

"असंन बाप्पा. मले कायचा वास येते? वीस वर्षं खर्रा खाल्ला, वरून तपकीर. नाक तं तवाच गेलं."

मी विचारलं, "मग आम्हाला पकडायचात कसे?"

"म्या कोणाले पकडलं? मी हात पुढं करत होतो. ज्याले सोडाचं राहे, तो सोताच देत होता."

आता फाटकात मी उभा असतो. हुंगायचं नाटक मला काही जमत नाही, हात तेवढा पसरतो. कधी कधी आठवडाभर तो रिकामाच राहतो. तरी घंटा होईपर्यंत मी तो खाली घेत नाही, आणि अशा वेळी सरांची फार आठवण येते.