पोटात गेलेली सॅम्पलं

इचलकरंजीतल्या एका डॉक्टरांसमोर मी आमच्या कंपनीच्या गोळीचे गुण गात होतो आणि माझ्या पोटात आगडोंब उसळला होता. शेजारी मॅनेजरसाहेब बसलेले. या डॉक्टरांनी गोळी लिहायला घेतली तरच माझी एमआरची, म्हणजे डॉक्टरांना औषधं पटवून देण्याची, नोकरी पर्मनंट होणार होती. आणि नोकरी पर्मनंट झाल्याशिवाय लग्नाची तारीख काढायची नाही, असं होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं.

नव्वदच्या दशकात कॉम्बिनेशनचं पेव फुटलं होतं. कॉम्बिनेशन म्हणजे एका गोळीत दोन औषधं. आमच्या गोळीत सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक होतं आणि वेदना कमी करणारं पॅरासिटामॉल. कापडाच्या लूमवर उभं राहून गुडघे सुजलेल्या कामगारांची दवाखान्यात रांग असायची. पेशंट तयार होते, डॉक्टरच तयार होत नव्हते.

त्यातच गाडीवरून घसरून माझा घोटा सुजला. बॅगेत औषधं असताना डॉक्टरकडे कशाला जायचं? आमची गोळी चालू केली. सूज लवकर हलेना, म्हणून चहाच्या गाड्यावर दुसऱ्या कंपनीच्या मित्राशी सॅम्पलची अदलाबदल केली. आम्हा एमआर लोकांची ती रीतच. मग त्याचीही गोळी जोडीला घेऊ लागलो. साहेबांसमोर लंगडायला नको, म्हणून त्या सकाळी दोन्ही रिकाम्या पोटी घेतल्या.

डॉक्टरांनी मला मधेच थांबवलं. "मगदूम, घाम का फुटलाय? काय खाल्लंयस?"

मी सांगून टाकलं आणि बॅगेतल्या दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप टेबलावर ठेवल्या. त्यांनी मित्राची स्ट्रिप माझ्या हातात दिली आणि मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायला लावली. नाव वेगळं, आत पुन्हा डायक्लोफिनॅकच. जे नाव मी दिवसभर पोपटासारखं घोकायचो, त्याचाच दुप्पट डोस पोटात ढकलत होतो. जास्त झालं की हे औषध पोटाच्या आतलं अस्तर सोलून काढतं. साहेबांकडे बघायची मला लाज वाटत होती.

"सूज उतरली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उतरली."

ते साहेबांकडे वळले. "गोळी चांगली हाय की. माणूस येडा हाय."

मला तिथंच खाटेवर आडवं करून सलाईन लावलं. डॉक्टरांनी गोळी लिहायला घेतली आणि नोकरीही पर्मनंट झाली. फक्त ते प्रत्येक पेशंटला माझं नाव घेऊन बजावू लागले, की हिच्यावर दुसरी गोळी घेऊ नका. तारीख काढायला मी सासऱ्यांकडे गेलो, तर तेही त्याच डॉक्टरांचे पेशंट निघाले.

"आता पोट कसं हाय, पावणं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

लग्न झालं. तेव्हापासून घरात कुणाचंही डोकं दुखलं तरी गोळी बायको देते. मला फक्त पाणी आणायला सांगतात.