तिसरा हौद टोचायचा नाही

तिला सगळे सुईताई म्हणायचे, अगदी मालकसुद्धा. नवरा तेवढा घरीदारी 'अगं'वर भागवायचा. पण चारचौघांत कोणी सुईताईचं कौतुक केलं की त्याची मान अशी ताठ व्हायची, जणू काही ती कला त्यानेच तिला शिकवली होती. वास्तविक सुई नुसती दिसली तरी त्याला घेरी यायची.

दोघं एकाच ठिकाणी कामाला होते. मोठ्या तलावात जाळ्यांचे पिंजरे, काठावर सिमेंटचे सहा हौद आणि पत्र्याची एक लांबलचक शेड. हौदांत बोटाएवढे मासे वाढायचे आणि जरा दणकट झाले की पिंजऱ्यांत जायचे. त्यांना दाणे घालणं हे नवऱ्याचं काम. एकवीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. उपाशी जीव त्याला बघवत नसे. घरी आलेला माणूस, मग तो मीटर बघायला आलेला का असेना, काहीतरी खाल्ल्याशिवाय त्याच्या तावडीतून सुटत नसे.

सुईताई शेडमध्ये बसायची. भुलीच्या पाण्यातून काढलेला मासा डाव्या तळहातावर उताणा घ्यायचा, पोटावरची नेमकी जागा गाठायची, पिचकारीचा खटका दाबायचा, थेंबभर लस आत, आणि मासा पन्हळीतून स्वच्छ पाण्यात. हे सगळं तुमच्याआमच्या एका शिंकेत उरकायचं. तासाला हजार मासे तिच्या हातून जायचे. तेही शेजारणीशी गप्पा मारत. टेबलावरच्या बाकी चौघींना तिनेच तयार केलं होतं, आणि 'सुईताईच्या हातची' म्हटलं की दुसऱ्या तलावांवरही त्या बायकांना मान होता.

मागच्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि पिंजऱ्यांत रोग शिरला. जिवाणू काही डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांनी घातलेला धुमाकूळ दिसत होता. माशांचे डोळे बटणासारखे बाहेर यायचे, मासा स्वतःभोवती गोल गोल फिरायचा आणि शेवटी पोट वर करायचा. कामगारांनी त्या रोगाचं नाव गरगऱ्या ठेवलं. दाण्यात औषध मिसळून दिलं, पण आजारी मासा खातोय कुठे? निम्म्याहून जास्त गेले. आपल्याच हाताने वाढवलेले मासे नवऱ्याने जाळीने उपसून खड्ड्यात टाकले.

यंदा मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून सांगितलं, "गरगऱ्याची लस आणलीय. ती टोचल्याशिवाय एकही मासा तलावात जाणार नाही. आणि यंदाही तेच झालं, तर मी या जागेला कुलूप लावणार. मग तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या."

टोचण्याआधी दोन दिवस माशांना उपाशी ठेवावं लागतं. मालकांनी दाण्याच्या खोलीवर पाटी लावली आणि वर बजावलं, "या दोन दिवसांत ज्याने दाणा टाकला, त्याने तिसऱ्या दिवशी कामावर येऊ नये." नवऱ्याने मान डोलावली. खोलीची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

पहिला दिवस त्याने कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिसऱ्या हौदाच्या काठाने चालला होता. त्याची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळी झुंबड काठाशी आली. हजारो इवलीशी तोंडं उघडमीट करू लागली. माणसाने बघायचं तरी किती? दोन पसे दाणे तर टाकतोय, असं स्वतःलाच समजावत त्याने चांगले दहा-बारा पसे टाकले. मग दोन्ही हात पँटला पुसले आणि चोरासारखा इकडेतिकडे बघत निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिले दोन हौद झपाट्याने टोचून झाले. तिसऱ्या हौदातले मासे भुलीच्या टबात आले आणि टबातलं पाणी गढूळ झालं. सुईताईने एक मासा तळहातावर घेतला, अंगठ्याने त्याचं पोट हलकेच दाबलं आणि थांबली. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तिच्या तळहातावर तपकिरी चोथा आला होता.

तिने मान वर करून बघितलं. समोर नवरा जाळी घेऊन उभा होता. त्याचा चेहरा बघून तिला काही विचारायची गरज राहिली नाही. त्याने डोळ्यांनीच विनवलं, चालवून घे. चालवून घेता आलंही असतं. मासे आठ-दहा दिवसांनी मेले असते, तोवर ते पिंजऱ्यात गेलेले असते, आणि दोष लसीवर गेला असता. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

सुईताईने पिचकारी खाली ठेवली. "तिसरा हौद टोचायचा नाही," ती म्हणाली. चौघींचे हात जागच्या जागी थांबले.

मालक धावत आले. "का? काय झालं?"

"मासे जेवलेत."

"थोडं खाल्लं असेल. टोचा, ताई. बोट लावून ठेवलीय, माणसं खोळंबलीत."

"पोट भरलेलं असलं की सुई आतड्यात जाते, मालक. लस वाया, वर आत जखम. बारा हजार मासे आहेत. मी माझ्या हाताने मारणार नाही."

मालकांचा चेहरा लाल झाला. "घातलं कोणी?"

नवऱ्याचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"किल्ली एकाकडेच असते," सुईताई म्हणाली. "आमच्या ह्यांनी."

नवऱ्याने जाळी खाली ठेवली. "मीच घातलं, मालक. भुकेले दिसले."

"भुकेले दिसले! अहो, उपाशीच ठेवले होते त्यांना!" मालक ओरडले. एका बाईला हसू आवरेना, तिने तोंडात पदर कोंबला. मालकांनी किल्ली हिसकावून घेतली, हाकलून देण्याची भाषा केली. सुईताई मध्ये पडली नाही. "तो तुमचा अधिकार आहे," एवढंच म्हणाली, "पण परवापर्यंत त्या हौदात दाणा पडता कामा नये." शेवटी तिच्याकडे बघून मालक निवळले, आणि नवऱ्याच्या नशिबी महिनाभर हौद घासणं आलं.

संध्याकाळी घरी तिने त्याचं ताट वाढलं. तो बराच वेळ घास चिवडत बसला.

"तुला गप्प बसता आलं असतं," तो म्हणाला.

"आलं असतं की."

"मग?"

"मग सुई कोणी घातली असती? मीच ना? तुम्ही प्रेमाने दाणे घातलेत, मी काय म्हणून मारले असते?" तिचे डोळे भरून आले. "जेवा आता. तुम्हाला कोणी उपाशी राहायला सांगितलेलं नाही."

त्याला हसू आलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. एवढी वर्षं आपण हिच्या हाताचा अभिमान बाळगला, हात तर काय, कोणाचाही तयार होतो, असं त्याच्या मनात आलं.

दोन दिवसांनी तिसरा हौद टोचून झाला. उन्हाळा आला, पाणी तापलं आणि गरगऱ्याही आला. पलीकडच्या काठावरच्या दुसऱ्या मालकाच्या पिंजऱ्यांत पांढरी पोटं तरंगू लागली. इकडे रोज दोन-चार मेलेले मासे निघायचे, बस्स. तिसऱ्या हौदातले मासे तर नवऱ्याची बोट दिसली की अजूनही पाण्याला उकळी आणायचे.

माशांचे एक डॉक्टर पाहणीला आले. आजूबाजूला एवढी मर असताना इथले मासे टिकले कसे, असं त्यांनी विचारलं. लस चांगली होती, असं मालक सांगू लागले, तर नवरा दाण्यांची बादली घेऊन मध्येच पुढे झाला. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आपण चोरून घातलेले पसे, टबातलं गढूळ पाणी, भर शेडमधलं 'आमच्या ह्यांनी', घासलेले हौद, काहीसुद्धा गाळलं नाही. शेडच्या दारात सुईताई कपाळावर हात मारून उभी होती.

डॉक्टरांना हसू आवरेना. "म्हणजे बायकोने चारचौघांत तुमची अब्रू घालवली, आणि तुम्ही ते आल्यागेल्याला सांगत सुटलात?"

"माझी एकट्याचीच गेली ना, साहेब," तो म्हणाला. "बारा हजार राहिले."