शेवटच्या बगीतला निकानोर

अंगावर धूळ नसलेला निकानोर मी आयुष्यात दोनदाच पाहिला होता. एकदा त्याच्या लग्नात, आणि एकदा माझ्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला, धर्मपिता म्हणून त्याने पोराला हातांवर धरलं तेव्हा. एरवी हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत विटकरी. आमच्या बेटावर उसाच्या रानातून परदेशी पाहुण्यांना बगीत, म्हणजे उघड्या छोट्या मोटारगाडीत, बसवून समुद्रापर्यंत नेतात; पहिल्या आणि शेवटच्या बगीत आमचा माणूस, मधल्या बग्या पाहुणे जोडीजोडीने स्वतःच चालवतात. चौदा बग्या एकामागून एक धावतात. पहिल्या तेरांनी उडवलेली सगळी धूळ चौदावीच्या वाट्याला येते, आणि त्या चौदावीत अठरा वर्षं निकानोर बसला.

इथे लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे, तोंडावर तशी सोय नाही. लहानपणी आम्ही एका झाडावरचे आंबे चोरले, एकमेकांच्या झिंज्या उपटल्या. पण आपल्या पोराचा धर्मपिता झाला की तो आपला कोंपाद्रे होतो, आपण त्याची कोमाद्रे, आणि कोंपाद्रेशी भांडणं हे आमच्यात पाप. बोलायचं तेही अहो-जाहो करून. त्यामुळे गेली बारा वर्षं मी त्याला मूर्खसुद्धा मानानेच म्हणते.

शेवटच्या बगीचं काम म्हणजे सांडलेलं गोळा करणं. उडालेल्या टोप्या, चिखलात पडलेले फोन, चाक रुतलेलं जोडपं, आणि त्या जोडप्यातलं भांडण. नवरा म्हणतो तू चुकीचं वळवलंस, बायको म्हणते तूच ओरडलास म्हणून. निकानोरला त्यांची भाषा येत नाही. तो मधे उभा राहून दोघांना एकेक केळं देतो. तोंडात केळं असलं की भांडता येत नाही, हे त्याचं शास्त्र.

एवढं सगळं करून तो रोज दहाच्या सुमारास माझ्या अंगणात पोचायचा. मी क्लेमेंसिया. प्राण्यांचा थांबा माझा. दोन पोपट, एक अजगर, चार घोरपडी. सगळ्यांत थोरल्या घोरपडीचं नाव सिनेटर, कारण तो दिवसभर एका जागी बसतो आणि खायला दिसलं तरच मान हलवतो. पाहुणे त्याला खांद्यावर घेऊन फोटो काढतात, किंचाळतात, खूश होऊन जातात. निकानोर मात्र ओट्यावर बसून खोकायचा. गेल्या दोन वर्षांत तो खोकला इतका वाढला, की पोपटांनीही तो उचलला.

हिगुएय शहरातल्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडात धरला आणि साफ सांगितलं, "बाबा, धूळ सोडा, नाहीतर श्वास सुटेल."

नेमका त्याच सुमारास पहिल्या बगीवरचा माणूस लेकीकडे न्यूयॉर्कला निघून गेला. पहिल्या बगीला धूळ लागत नाही. नवा मॅनेजर एरास्मो, सांतियागो शहरातून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला, मनगटावर थाळीएवढं घड्याळ. तो म्हणाला, "एक दिवस पुढे बसून दाखव. मी शेजारी बसेन. वाटेत कुठेही थांबायचं नाही, वेळ चुकवायची नाही. जमलं तर जागा तुझी."

निकानोरने ही बातमी मला सांगितली तेव्हा मी आधी क्रूस केला आणि मग कपाळावर हात मारला.

"कोंपाद्रे, आणि आई?"

त्याची आई एफिखेनिया, वयाच्या मानाने सगळे तिला दोन्या म्हणतात, एक्याऐंशी वर्षांची, त्याच रस्त्यावर माझ्या अलीकडे राहते. आमच्याकडे माणूस साठीचा झाला तरी आई दिसली की आधी 'आशीर्वाद दे' म्हणतो, आणि तिच्याकडून 'देव तुझं भलं करो' आल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. निकानोर रोज तिच्या दारात बगी थांबवायचा, डोकं पुढे करायचा, आशीर्वाद घेऊन रांग गाठायचा. शेवटच्याची खबर कोण घेतो?

"थांबत नाही मी," तो म्हणाला. "चालत्या बगीतूनच घेईन."

"आशीर्वाद म्हणजे काय जाता जाता उचलायचा पाव आहे? सकाळी फोन करा तिला."

"केला होता मागे. म्हणाली, फोनवरचे आशीर्वाद परदेशी गेलेल्यांसाठी असतात, तू कुठे गेलायस?"

"मग निदान सांगून तरी ठेवा, की उद्या मी पुढे आहे."

"नाही हो कोमाद्रे," तो लाजला. छप्पन्न वर्षांचा बाप्या चक्क लाजला. "तिला एकदम दिसू दे ना. स्वच्छ तोंडाने, सगळ्यांच्या पुढे."

तिथेच तर घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून तो निघाला. निघण्याआधी पाहुण्यांना नेहमीचा धडा दिलेला असतो: पुढचा करेल तेच करायचं. तो वळला की वळा, थांबला की थांबा, त्याने डोकं खाली घातलं की तुम्हीही घाला, कारण वाटेत बदामाच्या फांद्या खाली आलेल्या आहेत. पाहुणेही भले, सुट्टीवर आलेला माणूस सांगितलेलं ऐकतो.

आईच्या घरापाशी निकानोरने वेग जरा कमी केला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "आशीर्वाद दे, आई!"

दोन्या एफिखेनियाने ढुंकूनही पाहिलं नाही. अठरा वर्षं तिचा मुलगा शेवटच्या बगीत होता आणि मातीच्या रंगाचा होता. पुढे बसलेला हा गोरागोमटा माणूस कुणीतरी साहेब असणार. ती आपली कपाळावर आडवा हात धरून शेवटच्या बगीची वाट बघत राहिली. शेवटची आली. त्यात दुसराच कुणी. म्हातारी मटकन खुर्चीत बसली.

निकानोरने हे मान वळवून पाहिलं. एरास्मो नंतर सांगत होता, की "अरे पुढे बघ, पुढे बघ" म्हणून तो तीनदा ओरडला. पण निकानोरने बगी वळवली. अर्थात मागच्या तेराही वळल्या. आणि तो आईच्या अंगणात शिरला तशा सगळ्या एकामागून एक कुंपणातून आत शिरल्या.

मी माझ्या अंगणात सिनेटरला आंघोळ घालून तयार ठेवलं होतं. इंजिनांचा आवाज जवळ आला, मग मागे गेला, मग थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. माझं डोकं तापलं. सिनेटरला तसाच काखोटीला मारून मी रस्त्याने पळत सुटले.

जाऊन बघते तर काय. निकानोर आईपुढे डोकं खाली घालून उभा, आणि त्याच्या मागे चोवीस परदेशी डोकी खाली घालून उभी! पुढच्याने केलं ते त्यांनी केलं. म्हातारी मुलाची हनुवटी धरून त्याला निरखत होती.

"अग बाई, तू होय! तोंड धुतल्यावर अगदी बापावर गेलायस की रे."

मग 'देव तुझं भलं करो' म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या रांगेकडे पाहिलं. पुढ्यात आलेलं डोकं रिकामं पाठवायची आमच्याकडे रीत नाही. तिने एकेकाला आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. लाल होऊन गेलेल्या एका उंच बाईला ती म्हणाली, "पोरी, टोपी घालत जा." एकाला म्हणाली, "हाडं मोजून घ्यावीत, जेवत नाहीस का?" कुणालाच कळलं नाही, पण सगळे तोंडभर हसले.

तिकिटावर प्राण्यांची भेट छापलेली होतीच. पाहुण्यांना वाटलं, हीच ती. एकाने टर्की कवेत घेतला. उंच बाई चिखलात फतकल मारून डुकराच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसली. शेळीने कुणाची तरी गवती टोपी कडेकडेने संपवत आणली होती, आणि टोपीचा मालक तिचे फोटो काढत होता. म्हातारीने चुलीवर कॉफीचं आधण चढवलं. माझ्या काखेतल्या नुकत्याच न्हालेल्या सिनेटरकडे कुणी बघेना. मला राग आला, खोटं कशाला सांगू? पंधरा वर्षं मी घोरपडी पाळते आहे, आणि एका डुकराच्या पिल्लाने माझी शोभा केली.

"कोंपाद्रे," मी दातओठ खात म्हणाले, "आपण अतिशय आदरणीय गाढव आहात."

"खरं आहे, कोमाद्रे," तो म्हणाला.

एरास्मो फाटकाशी घड्याळाकडे बघत उभा होता. एक तास दहा मिनिटं उशीर. समुद्रावर जेवण थंड झालं, दुपारची रांग कोलमडली. संध्याकाळी त्याने निकानोरला बोलावून दोनच वाक्यं सांगितली. "माणूस तू भला आहेस. उद्यापासून परत शेवटच्या बगीत."

निकानोरने मान हलवली. माझ्याकडे येऊन ओट्यावर बसला आणि खोकला. त्या दिवशी एक कण धूळ खाल्ली नव्हती तरी खोकला. मला रडूच आलं. मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. मग पदरचं शहाणपण करून दोन्या एफिखेनियाकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टरचंही. त्याने तिला ते कधी सांगितलंच नव्हतं.

तिने फक्त विचारलं, "बग्या किती वाजता सुटतात?"

सकाळी साडेसातला कंपनीच्या फाटकाशी एक मोटरसायकल टॅक्सी येऊन थांबली. मागे आडवी बसलेली दोन्या एफिखेनिया, चर्चचा निळा झगा, डोक्याला रुमाल. तिला धरायला म्हणून टॅक्सीवाल्याच्या मागून मीही लोंबकळत होते. निकानोर शेवटच्या बगीत बसून तोंडाला फडकं बांधत होता. त्याने आईला पाहिलं आणि धडपडत खाली उतरला. तिने हातानेच त्याला थांब म्हटलं आणि सरळ एरास्मोपुढे जाऊन उभी राहिली.

"काल तो माझ्यासाठी थांबला," ती म्हणाली. "आता मीच रोज इथे येईन. त्याला वाटेत थांबावं लागणार नाही."

एरास्मो काहीतरी नियमाचं बोलणार होता. तोंड उघडलंही होतं त्याने. पण समोर एवढी म्हातारी बाई, चर्चचा झगा, आणि सकाळची वेळ. त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला. टोपी निघाली, मान खाली गेली, आणि लहानपणापासून जिभेवर बसलेले शब्द बाहेर पडले.

"आशीर्वाद द्या, दोन्या."

बाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझं भलं करो, लेका. तुला दीर्घायुष्य देवो. आणि माझं पोर धुळीने मरतंय, त्याला पुढे बसव."

एरास्मो मान वर करीना. मला वाटलं अडचणीत सापडला बिचारा, आशीर्वादात मागितलेलं नाकारणार कसं? मग दिसलं की त्याचे खांदे हलताहेत. त्याची आई तीन वर्षांपूर्वी सांतियागोला वारली, तेव्हा तो इकडे पाहुण्यांच्या याद्या करत होता. हे आम्हाला त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

त्याने खिशातून पहिल्या बगीची किल्ली काढली आणि न बघताच निकानोरच्या दिशेने धरली. टोपी अजून हातातच होती.

"दोन्या," तो म्हणाला, "उद्या पण याल ना?"