मोंबासाची साडी, दारेसलामची शाळा

गेल्या महिन्यात दोन वाचकांनी एकच प्रश्न विचारला: काका, केनिया आणि टांझानिया, दोन्ही देशांना समुद्रकिनारा आहे, दोन्हीकडे जाण्याएवढी सुट्टी नाही, तर कुठं जावं? प्रश्न साधा आहे. पण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मला माझ्या मित्रानं विचारला होता, आणि तो सहलीसाठी नव्हता. बायको आणि मुलगी घेऊन तो कायमचा निघाला होता. त्याला मी उत्तर दिलं. तेव्हा आधी तो प्रवास सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

साल १९७५. मी सोलापूरच्या एका कापडगिरणीत फिटर होतो, लग्न व्हायचं होतं आणि इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, त्यामुळं अंगात बरीच रग होती. आमच्याकडच्या एका कारखानदारानं मोंबासाच्या एका शेठला चादरीचे चार जुने माग विकले. ते तिथं बसवून चालू करून द्यायला मला दोन महिन्यांसाठी पाठवायचं ठरलं. त्याच सुमारास माझा मित्र व्यंकटेश याला दोन पत्रं आली. एक याच मोंबासाच्या शेठचं, विणकाम मास्तर म्हणून या. दुसरं दारेसलामच्या सरकारी गिरणीचं, काम तेच. व्यंकटेश आमच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घरातला. मागावरचा त्याचा हात असा, की साहेबलोक उभं राहून बघायचे.

"तू जातोयस तर दोन्ही बघून ये बे," तो म्हणाला. "तू म्हणशील तितं जातो. मला काय कळतंय त्यातलं."

त्याची बायको लक्ष्मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "भाऊजी, पगार, घर ते ह्यांचं हे बघतील की. तुमी माझं एकच बघा. पद्माला शाळा कुटं हाय, आन् तिला घेतात का. आत जाऊन बघा, भाईरनं नको."

पद्मा तेव्हा पहिलीत होती. आईच्या शेजारी बसून पाटीवर स्वतःचं नाव काढत होती आणि दर वेळी शेवटचं अक्षर पाटीबाहेर जात होतं. लक्ष्मी स्वतः एक दिवसही शाळेत गेली नव्हती. मुलीच्या मांडीवर सूप येऊ नये, एवढाच तिचा हट्ट होता. मी म्हणालो, वहिनी, बिनघोर राहा.

संक्रांत झाल्यावर निघालो. तेव्हा मुंबईहून मोंबासाला बोट होती, डेकचं तिकीट सगळ्यांत स्वस्त. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागायची, अजूनही तिकडं जाताना तिची चौकशी आधी करा. मी लिंगायत, मांसमच्छी चालत नाही, म्हणून आईनं पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी भरून दिली होती. बोट लागल्यामुळं पहिले दोन दिवस पोटात काही टिकलं नाही. तिसऱ्या दिवसापासून डेकवरच्या गुजराती कुटुंबांनी माझ्या चटणीवर ताव मारला आणि मोंबासा यायच्या आत डबा रिकामा झाला.

मोंबासा हे बेटावरचं शहर. नारळ, दमट हवा, आणि रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग. एवढी भरलेली दुकानं मी मुंबईतही आतून पाहिली नव्हती, कारण तिथं आत जायची हिंमत नव्हती. रेडिओ, घड्याळं, नायलॉन, टेरिलिन. आम्हा विणकाम करणाऱ्यांना एक खोड असते: माणसाचं तोंड बघायच्या आधी अंगावरचं कापड बघायचं. तिथल्या बाया कांगा नावाचं छापील कापड कमरेला आणि डोक्यावरून घेतात. ते सगळे कांगे कोरे करकरीत, रंग भडक. मी एकीच्या अंगावरचं कापड इतकं निरखून बघितलं, की तिनं मला शिवी घातली असावी. मनात म्हटलं, ज्या देशातली साधी बाई असं नेसते, तो देश सुखात आहे. झालं. उतरल्यापासून दोन तासांत माझा निकाल तयार.

शेठनं बंगल्यामागची खोली दिली, जेवण त्यांच्याच घरचं. गिरणी बेटाबाहेर होती. तिच्या मागं कामगारांची वस्ती, मातीच्या भिंती, वर पत्रा किंवा झावळ्या. अख्ख्या वस्तीला एक नळ आणि त्या नळापुढं रॉकेलच्या डब्यांची रांग. गटार उघडं. हे मी रोज बघत होतो आणि रोज स्वतःला सांगत होतो, की आपल्याकडं तरी काय वेगळं आहे. माझ्या हाताखाली सैदी नावाचा तिशीचा माणूस होता. शेठकडं काम करून करून तो मोडकं गुजराती-हिंदी बोलायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, की तुझा मुलगा कितवीत आहे?

"घर में है," तो म्हणाला. "स्कूल बोलता है, फी माफ. फिर बोलता है, बिल्डिंग का पैसा लाव, बेंच भी घर से लाव. बेंच किधर से लायेगा?"

"आणि आमच्या लोकांच्या मुलांचं?"

"तुम्हारा सेठलोग का स्कूल उधर टापू में. गाडी से जाता है."

शेठना विचारलं तर ते म्हणाले, "अरे, अमारी स्कूल तो फर्स्ट क्लास!" त्यांची मुलं मोटारीतून त्या शाळेत जात होती. व्यंकटेशला घर मिळणार होतं ते गिरणीमागच्या वस्तीला लागून. तिथून मोटारीशिवाय सहा वर्षांची पोर रोज बेटावर कशी जाणार, हे मी विचारलं नाही. त्या फर्स्ट क्लास शाळेच्या फाटकापर्यंतही गेलो नाही. रविवार होते, वेळ होता. समुद्रावर फिरायला गेलो.

माग चालू झाले आणि आठवडाभराची रजा मिळाली, तेव्हा दारेसलामला निघालो. बेटावरून दक्षिणेला जायला तराफ्यासारखी फेरीबोट, पलीकडं बस. सरहद्दीपर्यंत रस्ता ठीक. पलीकडं लाल माती सुरू झाली आणि बसमधले आम्ही सगळे एका रंगाचे झालो. वाटेत टांगा नावाचं गाव लागतं, तिथं मुक्काम केला. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा आणि घेवड्याची आमटी. शाकाहारी माणसाला हे उत्तम, कुठंही मिळतं आणि पोटाला धरून राहतं.

टांगा गावाच्या पुढं रस्त्याकडेला नवी गावं दिसत होती, सगळी घरं एका रांगेत. माझ्या शेजारी इंग्रजी जाणणारा एक मास्तर बसला होता. तो म्हणाला, विखुरलेल्या वस्त्या उठवून सरकारनं लोकांना इथं आणलंय, शाळा, दवाखाना, पाणी एका जागी देता यावं म्हणून. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मागं वळून काहीतरी रागानं ऐकवलं. मास्तरनं जरा अवघडून भाषांतर केलं: "हा म्हणतो, शाळा इकडं आली, पण माझी आंब्याची झाडं तिकडं राहिली." ते गाव मागं पडलं तेव्हा तिथल्या शाळेचा पत्रा तेवढा लांबून चमकत होता.

दारेसलामनं पहिल्याच दिवशी माझा जीव मेटाकुटीला आणला. साबण मागितला, दुकानदार म्हणाला, हाकुना. म्हणजे नाही. साखर? हाकुना. दाढीचं पातं? तो हसला आणि पुन्हा तेच. लॉजमधल्या चादरीला चार ठिकाणी ठिगळ, आणि ठिगळ लावणाऱ्याला उभा-आडवा धागाही जुळवता आला नव्हता. सोलापूरच्या माणसाला चादरीचा असा अपमान सोसत नाही. बायकांच्या अंगावर तेच कांगे, पण विटलेले. सरकारी कापडदुकानापुढं रांग. मी मनातल्या मनात या देशावर फुली मारली.

गिरणी मात्र प्रचंड होती. निम्मे माग सुट्या भागांवाचून उभे, निम्मे धडधडत. मला मिरवायची हौस, एका मागावर धागा तुटला तसा पुढं होऊन मी गाठ मारून दिली. तो माग हलिमा नावाची बाई चालवत होती. आमच्या गिरणीत तेव्हा मागावर बाई मी पाहिली नव्हती, बायका सुताच्या कांड्या भरायच्या. तिनं माझी गाठ बोटानं चाचपली, कापून टाकली, आणि स्वतःची बारीक गाठ मारली. फणीतून धागा सुळकन गेला. माझी गाठ अडकली असती, हे मलाही कळलं. भोवतीचे कामगार हसले. हलिमा हसली नाही, काम करत राहिली. त्याचा मला जास्त राग आला.

मग तिथला एक अधिकारी मला बाहेर घेऊन गेला. मागखात्यापासून हाकेच्या अंतरावर शाळा होती. हो, मी आत गेलो. लक्ष्मीनं सांगितल्याप्रमाणे आत जाऊन बघितली. कामगारांची मुलं बाकांवर दाटीवाटीनं, पुस्तकं दोघांत एक. शाळेच्या बाईंना मी पद्माबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा. फी नाही. शिकवणं आमच्या भाषेत, पण दोन महिन्यांत ती बोलायला लागेल, लहान मुलांना वेळ लागत नाही." आणि दुसऱ्या बाकावरच्या दोन मुलींना सरकवून त्यांनी जागा करून दाखवली. शेजारी दवाखाना होता, तोही फुकट. ही भाषा शिकून पोरीला सोलापुरात काय उपयोग, असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो. सबब शोधली की सापडते.

परतताना मोंबासात लक्ष्मीसाठी नायलॉनची साडी घेतली. मोरपंखी रंग, मुठीत मावेल एवढी.

सोलापुरात आलो त्या संध्याकाळी व्यंकटेशच्या घरी गल्ली लोटली. साडी हातोहात फिरली. मी बोलत सुटलो: दुकानं, रेडिओ, शेठचा बंगला. दारेसलामचं विचारलं तेव्हा म्हणालो, "तिथं अंगाला लावायला साबण मिळत नाही!" सगळे खो खो हसले. हलिमाचं, तिच्या गाठीचं नाव काढायचं म्हणजे गिरणीतला माझ्यावरचा हशा आठवायचा. आणि गिरणीचं, तिथल्या शाळेचं सांगायला लागलो असतो तर ते आलंच असतं.

"शाळा?" लक्ष्मीनं विचारलं. साडी तिच्या मांडीवर घडीतच होती.

"असेल की, वहिनी. एवढं मोठं शहर आहे."

"आन् तितं, दुसरीकडं?"

"तिथं काहीच नाही हो."

"मग ठरलं बे, मोंबासा," व्यंकटेश म्हणाला.

पाच वर्षं ते तिथं राहिले. पद्माला शाळा मिळाली नाही. जवळच्या शाळेत जागा नव्हती, बेटावरची परवडली नाही. ती आईबरोबर त्या एका नळापुढं उभी राहायला शिकली. व्यंकटेशनं तिथल्या पोरांना काम शिकवून तयार केलं आणि मग त्याचा तिथं काम करायचा परवाना वाढवून मिळाला नाही. परत आले तेव्हा पद्माला बारावं वर्ष चालू होतं. दुसरीच्या वर्गात लहान पोरांमध्ये बसवली, महिन्याभरात लाजून घरी बसली. पुढं तिच्या मांडीवर सूप आलं.

नंतरच्या वर्षांत टांझानियात टंचाई आणखी वाढल्याचं वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. बघा, तिकडं गेले असते तर उपाशी मेले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मला शाळा बघायला सांगितलं होतं, आणि मी शाळा बघितली होती. तेवढंच सांगायचं होतं. दोन्हीकडचं सांगून निवड लक्ष्मीवर सोडायची होती.

व्यंकटेश गेला, लक्ष्मी गेली. मी अजून अधूनमधून पद्माकडं जातो. ती विड्यांचं काम अजून करते, चष्मा लावून. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी तिला सगळं सांगून टाकलं. शाळा, बाई, सरकवून केलेली जागा. तिची कात्री पानावर चालत राहिली.

"आईला म्हाईत होतं, काका," ती म्हणाली. "दारेसलामचा एक फिटर आलता मोंबासाच्या गिरणीत. त्यानंच सांगितलं तिला. सोलापूरचा एक जण शाळा बघून, पोरीला जागा विचारून गेला म्हनून."

"मग कधी बोलली कशी नाही? मी तर दर रविवारी यायचो."

"बाबांना कळलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं की. बाबांना तुमच्याबिगर दुसरं कोण होतं?"

म्हणजे तीस-पस्तीस वर्षं ती बाई मला चहा देत होती, साखर पुरे का विचारत होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

पद्मानं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि विचारलं, "चहा टाकू?"

मी टाक म्हणालो.