खडूची खूण

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. थांबा, पहिलंच वाक्य खोटं निघालं. ही गोष्ट मी दर बॅचला, पहिल्याच दिवशी सांगतो, आतापर्यंत कितीतरी पोरापोरींनी ती ऐकली आहे. सांगितली नाही ती खरी. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही.

खोटी आधी ऐका. ती छान जमलेली आहे, इतक्या वेळा घासूनपुसून घेतल्यावर जमणारच. भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मी लूम बांधायला आणि दुरुस्त करायला शिकवतो. त्याआधी पंचवीस वर्षं मी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम ज्याच्याशिवाय हलत नाही तो माणूस. तर मी वर्गात सांगतो — आमच्याकडे एक आयटीआयवाला आला होता. त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं, पण हात नव्हता. लूम चुकीचा बांधला, धोटा उडाला आणि एका कारागिराचा डोळा गेला. म्हणून बाळांनो, कागदाच्या जोरावर उड्या मारू नका, मास्तरचा हात बघा. दोघा-तिघांचा हात आपसूक डोळ्याकडे जातो. मला ते बघायला आवडायचं.

धोटा म्हणजे काय ते सांगायला हवं. हातभर लांबीचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, पोटात सुताची कांडी. साधा लूम त्याला या बाजूने त्या बाजूला असा फेकत असतो की डोळ्याला दिसत नाही, फक्त खटखट ऐकू येते. उडाला तर अडवायला लूमच्या तोंडाशी एक आडवी सळई असते. आमच्याकडे ती काढून टाकायची पद्धत होती, तुटलेला धागा जोडताना हाताला अडते म्हणून. सगळ्या सळया जिन्याखाली गंजत पडल्या होत्या. कारागिरांनीच काढल्या, शेठने बघितलं नाही आणि मी पाना दिला. पण माझा गुन्हा तो नाही. तो तर सगळ्यांचा मिळून आहे, त्यात लपायला बरी जागा असते.

धोट्याला फटका कधी बसायचा, हे आतल्या एका लोखंडी चाकावर ठरतं. ते चाक दांड्यावर नेमकं कुठे आवळायचं, एवढीच आमची सगळी विद्या. जॉबर सगळ्यांकडे पाठ करून बसतो, जागा शोधतो, खडूने खूण करतो, चाक आवळतो आणि खांद्यावरच्या टॉवेलने खूण पुसून टाकतो. पुसल्याशिवाय उठायचं नाही. माझ्या उस्तादने मला चार वर्षं चहा आणायला लावला, आणि एकदा मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं तेव्हा पान्याने कपाळ फोडलं. पाच टाके. मी रडलो नाही, उलट मनात म्हटलं, हा पाना एक दिवस माझ्या हातात येईल. पाचवी शिकलेल्या माणसाला बाजारात दुसरं काय विकायला असतं सांगा? जे फक्त मलाच येतं, ते. दुसऱ्या कुणाला आलं की माझा भाव संपला.

मग लहानू आला.

अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. वारली. घरचा भातशेतीचा एक तुकडा आणि बाकीचे महिने मजुरी, त्यातून या माणसाने आयटीआय केलं होतं. लग्न झालेलं, एक तान्ही मुलगी. बारीक अंगाचा, हळू बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने खिशातून पट्टी काढली आणि लूम मोजायला लागला. आम्ही सगळे हसलो. मी तर म्हणालो, शिंप्याकडे जायचं होतं, चुकून इकडे आला वाटतं. तोही हसला.

हसू लवकरच जिरलं. त्याच्याकडे एक वही होती. मी ज्या लूमला हात लावायचो, त्याची मापं तो नंतर पट्टीने घ्यायचा आणि वहीत चित्र काढून लिहायचा. मी खूण पुसायचो, हा माप शोधून काढायचा. वर पोटात पाप नाही. एकदा मला म्हणाला, "उस्ताद, खूण पुसू नका ना. येक डाव बघू द्या. तुमचा हात लय बेस हाय, ह्यो लिवून ठेवला पाहिजे."

लिहून ठेवला पाहिजे! मला तुमच्यापुढे खरं बोलायचं आहे — मी त्या दिवसापासून त्याचा द्वेष केला. कामचुकार असता तर केला नसता. तो चांगला होता आणि त्याला विद्या वाटायची होती, म्हणून केला.

शेठच्या कानावर वही गेलीच. शेठ हुशार. त्याने ठरवलं, लहानूने एक लूम सगळ्यांसमोर खोलून परत बांधायचा. जमलं तर लूमच्या अर्ध्या लाइनी त्याच्याकडे, आणि वही बघून कारागीर किरकोळ काम स्वतःच करतील. मग जॉबरला कोण विचारणार होतं? मी तेव्हा चाळिशीचा होतो. खारबावला घर, दोन मुलं शाळेत. नाही, हे सांगायला नको होतं. घर सगळ्यांनाच असतं. लहानूलाही होतं.

परीक्षेच्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी त्या लूमखाली शिरलो. दांड्यावर खडूने खूण केली, बरोबर जागेपासून दोन बोटं बाजूला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी खूण पुसली नाही.

लहानूने लूम खोलला, बांधत आणला. चाकापाशी आला आणि खूण दिसली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला आजही जेवताना दिसतो. "उस्तादनी माझ्यासाठी खूण ठेवली हाय," तो शेजारच्याला म्हणाला. मग सवयीने पट्टी लावली. त्याचं माप वेगळं येत होतं, येणारच. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी मान हलवली. खुणेवर घे, अशी.

त्याने पट्टी खिशात ठेवली आणि चाक खुणेवर आवळलं. एवढं शिकलेला माणूस, स्वतःचं बरोबर माप सोडून माझ्या खुणेवर गेला. आमच्याकडे उस्तादने खूण दाखवणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळणार नाही. बापाने घराची किल्ली हातात द्यावी तसं असतं ते.

लूम चालू करायला इद्रीस उभा राहिला. आजमगढकडचा, माझ्या शिफ्टचा सगळ्यात जुना कारागीर, एका ताटात जेवलेला. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो, की मला वाटलं होतं धोटा अडकेल, धागे तुटतील, लोक हसतील, बस. पण तुम्हीच सांगा, मला एवढंच वाटलं होतं तर मी खांबाआड का जाऊन उभा राहिलो? बाकी सगळे समोर होते. एकटा मी खांबाआड होतो.

पाच-सहा खटके बरोबर वाजले. मग धोटा सुटला. आवाज फार झाला नाही, ओलं लाकूड फोडताना होतो तेवढा. लोखंडी अणी इद्रीसच्या डाव्या डोळ्यात शिरली, आणि तो पडला नाही, उभाच राहिला, दोन्ही हातांनी धोटा धरून. मग त्याने तो स्वतःच ओढून काढला. त्याबरोबर जे बाहेर आलं ते मी सांगणार नाही. तो माझ्या खांबाकडे वळून एवढंच म्हणाला, "उस्ताद, दिख नहीं रहा." बाकीचे लूम चालूच होते. कुणीतरी उलटी केली.

लहानू सगळ्यात आधी धावला. आपला गमछा त्याने इद्रीसच्या डोळ्यावर दाबला, त्याला खाली बसवलं. मग त्याने लूमखाली बघितलं. खूण तिथेच होती. त्याने उजवा हात वर केला आणि खुणेकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं होतं, शब्द यायचा होता.

मी खांबाआडून निघालो आणि त्या हातावर पाना मारला.

पहिल्या फटक्याला हात लूमच्या चौकटीवर पडला. दुसरा तिथेच मारला, चौकटीवर. तिसराही. बोटांचा आवाज मला ओळखू आला, मी लोखंडाचा माणूस, काय तुटतंय ते आवाजावरून सांगतो. मी ओरडत होतो, "शिकलेला म्हणे, आंधळा केलास माझा माणूस!" आणि मग सगळेच तुटून पडले. इद्रीस सगळ्यांचा लाडका होता. लाथा, चपला, कांड्यांचं लोखंडी खोकं. एकाने त्याचं डोकं लूमच्या पायावर आपटलं. तो ओरडत नव्हता, फक्त तुटका हात छातीशी धरून गोळा झाला होता. त्यांनी त्याला पायांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं. प्रत्येक पायरीवर डोकं लागत होतं. त्यांना वाटत होतं ते न्याय करताहेत. मी त्यांना तसं वाटायला लावलं होतं.

आणि ते खाली गेले तेव्हा मी काय केलं? लूमखाली शिरून टॉवेलने खूण पुसली. सवयच होती.

वही तिथेच पडली होती, ती शर्टाच्या आत घातली. आज केंद्रात जी मापं मी फळ्यावर लिहितो, ज्यासाठी माझी वाहवा होते, ती त्या वहीतली आहेत. मला स्वतःला एकही माप आकड्यात येत नव्हतं.

इद्रीस इस्पितळात होता तेव्हा मी भेटायला गेलो. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला, मी त्याचा बदला घेतला म्हणून. मी तो हात काढून घेतला नाही. नंतर तो गावी गेला, परत आला नाही. गल्लीतल्या कारखान्यांत मात्र 'सर्टिफिकेटवाला' ही शिवी झाली. कितीतरी वर्षं आयटीआयचं पोर दारात आलं की लोक डोळ्यावर हात ठेवून हसायचे आणि त्याला हाकलून द्यायचे. आम्हा जॉबरांचा भाव टिकला. मग साधे लूम भंगारात गेले, नवे आले आणि जॉबरांचाही भाव गेला. तेव्हा सरकारी योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन मला सर्टिफिकेट मिळालं. मी ते फ्रेम करून भिंतीला लावलं आहे. हसू येत असेल तर हसा.

लहानूला मी एकदाच बघितलं, अंबाडी नाक्यावर, सकाळी मजूर उभे राहतात तिथे. मुकादम हात बघून माणसं उचलत होता. याने उजवा हात पाठीमागे धरला होता. मी एसटीत बसलेलो, ती सुटली. मी उतरलो नाही.

या वर्षीच्या बॅचमध्ये अंबाडीकडची एक मुलगी आली. हजेरीच्या रजिस्टरवर मी तिच्या बापाचं नाव वाचलं आणि आडनाव, गाव पुन्हा वाचलं. पहिला दिवस होता. मला गोष्ट गाळता आली असती. पण केंद्राचे साहेब मागे बसले होते आणि त्यांना ती गोष्ट आवडते. मी सांगितली. तिच्यासमोर, सगळी, 'हात नव्हता' या शब्दांसकट.

गोष्ट संपल्यावर तिने उभं राहून विचारलं, "मास्तर, त्या मानसाचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

ती खाली बसली. तीन महिने एक दिवस चुकली नाही. मग परीक्षा झाली. शिकवायला केंद्रात दोन जुने साधे लूम ठेवले आहेत, त्यातला एक बांधायचा. मी हल्ली खुणा पुसत नाही, मुलांसाठी ठेवतो आणि त्याची फुशारकीही मारतो. आधीच्या सगळ्यांनी चाक माझ्या खुणेवर आवळलं. खूण बरोबर होती, शपथेवर सांगतो. तिची पाळी आली. ती लूमखाली वाकली, ओढणीचं टोक घेतलं आणि खूण पुसली. मग पट्टी काढली.

मी विचारलं, का पुसली? आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

ती मोजता मोजताच बोलली, वर बघितलं नाही. "बाबा सांगतो, उस्तादची खूण आधी पुसायची. मंग मोजायचं."

तिचं माप बरोबर आलं. चाक आवळलं, लूम चालू केला, स्वतः समोर उभी राहिली. धोटा सरळ जात राहिला. मी कुठे उभा होतो ते माझ्या नंतर लक्षात आलं. मी दाराआड होतो.

काल सर्टिफिकेटं आली. तिच्या सर्टिफिकेटवर तिचं नाव आहे, मधे तिच्या बापाचं, आणि खाली प्रशिक्षकाच्या जागी माझी सही. मी ती केली.